बंदरोबंदरीची सेवा : खलाशांसाठी एकत्र आलेल्या ख्रिस्ती चर्चसंस्था

समुद्रावर राबणाऱ्या माणसांची वास्तपुस्त करण्याचे काम ख्रिस्ती चर्चसंस्थांनी संघटितपणे हाती घेतले ते एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी. पुढची जवळजवळ दीडशे वर्षे प्रत्येक पंथाने आणि प्रत्येक देशाने ते आपापल्या परीने केले. बरेचदा एकमेकांच्या शेजारी राहून, आणि कधीकधी चढाओढीनेही. १९६९ साली नेदरलँड्समधील रॉटरडॅम बंदरात ‘इंटरनॅशनल ख्रिश्चन मेरिटाइम असोसिएशन’ ही संघटना स्थापन झाली आणि अँग्लिकन, लुथरन, रोमन कॅथलिक, मेथडिस्ट, बाप्टिस्ट अशा वेगवेगळ्या परंपरांतले बंदरांवरचे पाद्री एका छत्राखाली आले. ज्या पंथांच्या लोकांना एका वेदीपुढे बसून प्रभुभोजन घेता येत नव्हते, ते एकाच मोटारीतून धक्क्यावर जाऊ लागले आणि एकाच केंद्राचा खर्च वाटून घेऊ लागले. हा बदल सभागृहातल्या चर्चेपेक्षा जहाजांवरच्या परिस्थितीने अधिक घडवला.

गाव नसलेला भाविक

युरोपातली चर्चव्यवस्था गावाच्या आणि पॅरिशच्या हद्दीवर उभी होती. जन्म, बाप्तिस्मा, लग्न, आजारपण, दफन या सगळ्या प्रसंगी माणूस आपल्या पॅरिशच्या पाद्र्याकडे जाई. खलाशाला मात्र अशी हद्दच नव्हती. वर्षातले दहा-दहा महिने तो पाण्यावर असे, आणि किनाऱ्याला लागला तरी बंदर परके असे. तिथे त्याची वाट पाहणारे असत ते दलाल. खलाशी उतरला की त्याला खानावळीत न्यायचे, उधारीवर दारू पाजायची, पगार संपेपर्यंत ठेवून घ्यायचे आणि मग आगाऊ उचल आपल्या खिशात घालून त्याला पुढच्या जहाजावर चढवायचे, हा लंडनपासून न्यूयॉर्कपर्यंत सगळ्या बंदरांतला राजरोस धंदा होता. युद्धकाळात नौदलाच्या सक्तीच्या भरतीची टोळी त्याला रस्त्यातून उचलून नेई. १८१५ साली नेपोलियनविरुद्धची युद्धे संपली आणि हजारो नौसैनिक एकाएकी बेकार होऊन बंदरांच्या गल्ल्यांत आले, तेव्हा ही दैना लपून राहण्यासारखी उरली नाही.

पहिले पाऊल त्याआधीच उचलले होते ते एका सामान्य कारागिराने. लंडनच्या दक्षिण काठावर रॉदरहाइथ येथे राहणाऱ्या झेबेडी रॉजर्स या मेथडिस्ट चांभाराने १८१४ साली ‘फ्रेंडशिप’ नावाच्या कोळसावाहू जहाजावर खलाशांची प्रार्थनासभा भरवली. न्यूकॅसलच्या बाजूने कोळसा घेऊन येणारी अशी शेकडो जहाजे थेम्स नदीत नांगरून असत. आज सभा कोणत्या जहाजावर आहे हे इतरांना कळावे म्हणून आधी डोलकाठीवर कंदील टांगत. १८१७ मध्ये ‘झेफर’ या जहाजावर त्यासाठी निळा झेंडा चढला. त्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘बेथेल’, म्हणजे देवाचे घर, असा शब्द होता. हा झेंडा कुठल्याच चर्चचा नव्हता. मेथडिस्ट, बाप्टिस्ट, अँग्लिकन असे सगळे त्याच्याखाली जमत आणि सभा चालवत ते खलाशीच. खलाशांच्या सेवेतील पंथनिरपेक्ष सहकार्याची सुरुवात अशी तळातून झाली. काही वर्षांतच बेथेलचा झेंडा दूरदूरच्या बंदरांत फडकू लागला.

या चळवळीला संस्थेचे रूप दिले जॉर्ज चार्ल्स स्मिथ यांनी. हे बाप्टिस्ट पाद्री तरुणपणी नौदलात होते, कोपनहेगनच्या लढाईत लढले होते, आणि बंदरात त्यांना ‘बोसन स्मिथ’ याच नावाने ओळखत. त्यांच्या खटपटीने ‘पोर्ट ऑफ लंडन सोसायटी’ने ‘स्पीडी’ ही नौदलाची जुनी नौका विकत घेतली, तिच्या पोटात बाके बसवली आणि १८१८ साली ‘आर्क’ या नावाने थेम्समध्ये तरते प्रार्थनामंदिर उघडले. जमिनीवरच्या चर्चमध्ये जायला बुजणारा खलाशी तिथे मळक्या कपड्यांनिशी येऊन बसू शके. याच सुमारास न्यूयॉर्कमध्ये पंथभेद न पाहता खलाशांची सेवा करणारी सोसायटी निघाली आणि १८२० मध्ये रूझवेल्ट स्ट्रीटवर खास खलाशांसाठी चर्च बांधले गेले. १८२८ साली स्थापन झालेल्या ‘अमेरिकन सीमेन्स फ्रेंड सोसायटी’ने तर पाद्री परदेशी बंदरांत पाठवायला सुरुवात केली. १८३० मध्ये तिचा पाद्री चीनमध्ये कँटनजवळ नांगरलेल्या जहाजांवर काम करत होता.

दलालांच्या खानावळींना पर्याय द्यायचा तर नुसत्या प्रार्थनेने भागणार नव्हते. १८२८ साली लंडनच्या ईस्ट एंडमधले ब्रन्सविक थिएटर कोसळले. त्याच जागेवर स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून खलाशांचे वसतिगृह उभे राहिले आणि १८३५ मध्ये ते उघडले. स्वच्छ बिछाना, वाजवी दरात जेवण, पगार सुरक्षित ठेवण्याची सोय आणि वाचनाची खोली असा हा ‘सेलर्स होम’चा नमुना पुढे जगभर पोचला. मुंबईतही तो आला. १८७० साली ड्यूक ऑफ एडिंबरो आल्फ्रेड यांच्या हस्ते ‘रॉयल आल्फ्रेड सेलर्स होम’ची कोनशिला बसली, बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी त्यासाठी मोठी देणगी दिली होती. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांनी आराखडा केलेली ती इमारत १८७६ मध्ये पुरी झाली. आज तिथे महाराष्ट्र पोलिसांचे मुख्यालय आहे.

एका बंदरात अनेक झेंडे

एकाच झेंड्याखाली सुरू झालेले काम संस्था वाढल्या तसे विभागले गेले. प्रस्थापित अँग्लिकन चर्चला बेथेल चळवळीतली मोकळी, कुणीही उभे राहून बोलावे अशी पद्धत मानवेना. १८२५ मध्ये त्यांनी लंडनमध्ये स्वतःची वेगळी तरती चर्च-सोसायटी काढली. नदी एकच होती, पण आता तिच्यात दोन पंथांची दोन जहाजे उभी राहिली.

अँग्लिकनांच्या मोठ्या कामाचे मूळ मात्र दुसरीकडे आहे. १८३५ साली जॉन अ‍ॅशली हे पाद्री इंग्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर क्लीव्हडनला मुक्कामाला होते. ब्रिस्टलच्या खाडीतली बेटे पाहून त्यांच्या मुलाने विचारले, की तिथले लोक चर्चला कसे जातात? अ‍ॅशली होडीने त्या बेटांवर गेले. त्या निमित्ताने त्यांच्या लक्षात आले, की वाऱ्याची वाट पाहत खाडीत ताटकळणाऱ्या शेकडो जहाजांवर कोणताच पाद्री जात नाही. त्यांनी नियोजित पॅरिश सोडून दिली, ‘आयरीनी’ नावाची शिडाची नौका बांधून घेतली आणि जहाजावरून जहाजावर जात पुढची सुमारे पंधरा वर्षे हेच काम केले. खलाशाने चर्चकडे यावे अशी वाट पाहायची नाही, चर्चनेच शिडी चढून त्याच्याकडे जायचे, हा आजच्या बंदरसेवेचा पाया त्यांनी घातला. त्यांच्या प्रेरणेतून १८५६ मध्ये ‘मिशन्स टू सीमेन’ ही संस्था उभी राहिली. बायबलमधल्या प्रकटीकरणाच्या पुस्तकातला उडणारा देवदूत हे तिचे चिन्ह. २००० साली तिने ‘मिशन टू सीफेअरर्स’ हे नाव घेतले.

स्कँडिनेव्हियाच्या लुथरन देशांनी वेगळी वाट धरली. नॉर्वेचे योहान स्तोरयोहान शिक्षणासाठी स्कॉटलंडमध्ये असताना परक्या बंदरांत एकाकी फिरणारे आपले देशबांधव त्यांनी पाहिले. १८६४ मध्ये बर्गेन येथे नॉर्वेजियन सीमेन्स मिशनची स्थापना झाली आणि लीथ, नॉर्थ शील्ड्स, अँटवर्प, कार्डिफ या बंदरांत केंद्रे निघाली. मग डेन्मार्कने १८६७ मध्ये, स्वीडनने १८६९ मध्ये, फिनलंडने १८७५ मध्ये आणि जर्मनीने १८८६ मध्ये तेच केले. या चर्चमध्ये उपासना मायबोलीत होई, देशाकडची वर्तमानपत्रे मिळत, गावाकडची पत्रे येत. कार्डिफच्या नॉर्वेजियन चर्चमध्ये पुढे विख्यात झालेले लेखक रोआल्ड डाल यांचा बाप्तिस्मा झाला होता; खलाशांसाठी काढलेले चर्च परदेशी वसलेल्या सगळ्या समाजाचे चर्च कसे होई, ते यावरून कळते.

रोमन कॅथलिक चर्चचे संघटित काम उशिरा सुरू झाले. फ्रान्समध्ये १८९४ पासून न्यूफाउंडलंड आणि आइसलँडच्या समुद्रात मासेमारी करणाऱ्यांसाठी इस्पितळ-नौका पाठवणारी एक संस्था होती. ब्रिटिश बंदरांतही छोटे गट होते. पण ठिकठिकाणच्या प्रयत्नांना एकत्र गुंफणारी चळवळ ४ ऑक्टोबर १९२० रोजी ग्लासगोमध्ये जन्माला आली. पीटर अँसन हे चित्रकार-लेखक, आर्थर गॅनन आणि जेझुइट संघाचे ब्रदर डॅनियल शील्ड्स यांनी ‘अ‍ॅपॉसल्शिप ऑफ द सी’ सुरू केली. १९२२ मध्ये अकरावे पोप पायस यांनी तिला मान्यता दिली. मरियेच्या ‘स्टेला मारिस’, म्हणजे समुद्रतारा, या जुन्या बिरुदावरून तिची केंद्रे ओळखली जाऊ लागली आणि शताब्दीच्या वर्षी, २०२० मध्ये, संस्थेनेही अधिकृतपणे तेच नाव घेतले.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोठ्या बंदरांत अशी स्थिती होती, की अँग्लिकनांचे एक केंद्र, कॅथलिकांचे दुसरे, ब्रिटनमधल्या बिगर-अँग्लिकन प्रॉटेस्टंट पंथांचे तिसरे आणि नॉर्वे, जर्मनी, स्वीडन यांची आणखी दोन-तीन. प्रत्येकाचे वसतिगृह, प्रत्येकाचे कॅन्टीन, प्रत्येकाची देणगीपेटी. जहाजाच्या मागच्या काठीला असलेला झेंडा पाहिला की त्यावर कुठल्या पाद्र्याने जायचे ते ठरे. ब्रिटिश जहाजावर ब्रिटिश खलाशी आणि नॉर्वेच्या जहाजावर नॉर्वेचे, हे समीकरण जोवर टिकून होते तोवर ही व्यवस्था चालून गेली.

समीकरणाबाहेरचे खलाशी

हे समीकरण तेव्हाही पुरते खरे नव्हते. ब्रिटिश कंपन्यांच्या जहाजांवर एकोणिसाव्या शतकापासूनच हजारो आशियाई खलाशी होते; इंग्रज त्यांना ‘लास्कर’ म्हणत. मुंबईहून सुटणाऱ्या पी अँड ओ कंपनीच्या बोटींवर डेकवरच्या कामाला रत्नागिरीच्या बाजूचे कोकणी मुसलमान असत, तर स्वयंपाकघर आणि जेवणघर बहुतांशी गोव्याच्या ख्रिस्ती माणसांच्या हाती असे. त्यांचा पगार गोऱ्या खलाशांच्या पगाराच्या काही अंशानेच असे आणि राहायची जागाही अपुरी. लंडनच्या थंडीत जहाज मिळेपर्यंत रस्त्यावर दिवस काढणाऱ्या लास्करांचे हाल पाहून १८५७ साली लाइमहाउस भागात ‘स्ट्रेंजर्स होम’ हे वसतिगृह उघडले. चर्च मिशनरी सोसायटीसारख्या संस्था, निवृत्त अधिकारी आणि व्यापारी यांनी मिळून ते उभारले. महाराजा दुलीपसिंग यांनीही देणगी दिली. तिथे लंडन सिटी मिशनचे जोसेफ सॉल्टर रहिवाशांच्या भाषा शिकून काम करत. रहिवासी मात्र मुख्यतः मुसलमान, हिंदू, बौद्ध असत. त्यांच्या जेवणाचे नियम पाळायचे की नाही, धर्मोपदेश किती करायचा, असे प्रश्न तिथेच पहिल्यांदा ठळकपणे उभे राहिले. सॉल्टर यांचा भर धर्मांतरावर होता, पण त्याला यश बेताचेच आले. गरजूंना खरा आधार वाटला तो निवाऱ्याचा आणि परतीचे जहाज मिळवून देणाऱ्या मदतीचा.

गोव्याच्या तारवटींनी, म्हणजे खलाशांनी, आपली सोय आपणच केली होती. मुंबईत धोबीतलाव, माझगाव, डोंगरी या भागांत गावागावांचे ‘क्लब’ म्हणजे कूड होते. दोन बोटींच्या मधल्या काळात त्या त्या गावचा माणूस तिथे अगदी थोड्या पैशांत राही. एका मोठ्या खोलीत भिंतीकडेला ओळीने लावलेल्या पेट्या, पेटी हीच प्रत्येकाची जागा, आणि समोर गावच्या संताची वेदी. संध्याकाळी रोझरीला हजर राहणे हा बहुतेक कुडांचा नियम. पाद्र्यांच्या संस्थांनी लंडन-लिव्हरपूलमध्ये जे बांधले तेच या लोकांनी कोणत्याही मिशनशिवाय, वर्गणी काढून उभे केले होते.

रॉटरडॅमपर्यंत

चर्चसंस्थांना एकत्र येण्याकडे ढकलणाऱ्या घटना दोन दिशांनी घडत होत्या. एक दिशा चर्चच्या आतली. १९४८ साली अ‍ॅम्स्टरडॅममध्ये ‘वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेस’ स्थापन झाली आणि प्रॉटेस्टंट व ऑर्थोडॉक्स चर्चना बोलायला कायमचे व्यासपीठ मिळाले. रोमन कॅथलिक चर्च त्याबाहेर राहिले. पण १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये ख्रिस्ती ऐक्याविषयीचा निर्णय जाहीर केला आणि इतर ख्रिस्ती बांधवांबरोबर समाजसेवेत हातमिळवणी करण्याला अधिकृत दार उघडले. बिशपांच्या कर्तव्यांविषयीच्या निर्णयात स्थलांतरित आणि निर्वासित यांच्याबरोबर समुद्रावर काम करणाऱ्यांचाही उल्लेख झाला. ज्यांना पॅरिशची नेहमीची सेवा मिळू शकत नाही त्यांची खास काळजी घ्यावी, असे त्यात सांगितले होते.

दुसरी दिशा बंदरातली. दुसऱ्या महायुद्धानंतर जहाजमालक पनामा, लायबेरिया अशा देशांत मोठ्या प्रमाणावर जहाजांची नोंदणी करू लागले. तिथे कर कमी, कायदे सैल आणि कामगार कुठल्याही देशातून घेण्याची मुभा. ग्रीक मालक, लायबेरियाचा झेंडा, ब्रिटिश कप्तान, भारतीय इंजिनिअर आणि फिलिपिनो खलाशी अशी जहाजे नेहमीची झाली. झेंडा पाहून पाद्री ठरवण्याची पद्धत आता निरुपयोगी ठरली. त्यातच कंटेनर आले. १९५६ मध्ये अमेरिकेत नेवार्कहून ह्यूस्टनला पहिले कंटेनर जहाज गेले आणि १९६६ मध्ये ‘फेअरलँड’ हे जहाज अटलांटिक ओलांडून रॉटरडॅमला कंटेनर घेऊन आले. पूर्वी पोती आणि पेट्या उतरवायला आठवडा लागे; आता क्रेन तेच काम एका दिवसात उरकू लागली. नवे धक्के शहरापासून मैलोगणती दूर समुद्राकडे सरकले. रॉटरडॅम १९६२ मध्ये जगातले सर्वांत मोठे बंदर ठरले होते, आणि त्याचे युरोपोर्टचे नवे धक्के जुन्या शहरापासून कितीतरी लांब पश्चिमेला होते.

याचा थेट फटका मिशनांना बसला. गावात बांधलेल्या मोठमोठ्या वसतिगृहांत राहायला कुणी येईना, कारण खलाशाला किनाऱ्यावर रात्र काढायला सवडच उरली नव्हती. एका बाजूला रिकाम्या इमारतींचा खर्च, दुसऱ्या बाजूला दूरच्या धक्क्यावर काही तासांसाठी आलेली वीस-पंचवीस माणसे. त्यांत चार धर्म आणि पाच भाषा. तिथे सकाळी अँग्लिकन पाद्री, दुपारी लुथरन आणि संध्याकाळी कॅथलिक जाऊन येतो आणि शेजारच्या जहाजावर कुणीच जात नाही, हे सगळ्यांना दिसत होते.

या पार्श्वभूमीवर ऑगस्ट १९६९ मध्ये रॉटरडॅमला सर्व परंपरांच्या सागरी संस्था एकत्र जमल्या आणि ‘इंटरनॅशनल ख्रिश्चन मेरिटाइम असोसिएशन’ स्थापन झाली. कॅथलिक संस्था पहिल्यापासून तिच्यात सहभागी होती. पाच वर्षांपूर्वी याची कल्पनाही करता आली नसती.

संघटनेची रीत

ही संघटना म्हणजे नवे चर्च नव्हे आणि नवे मिशनही नव्हे. सभासद संस्था स्वतंत्रच राहतात. त्यांची नावे, चिन्हे, देणगीदार, उपासनेची पद्धत यांना हात लागत नाही. एकत्र ठेवले जाते ते काम. त्याची रीत एखाद्या बंदरात एक दिवस पाहिली तरी ध्यानात येते. सकाळी निरनिराळ्या पंथांचे पाद्री आणि स्वयंसेवक बंदरात आलेल्या जहाजांची यादी पुढे घेऊन बसतात आणि जहाजे वाटून घेतात. ज्याच्या वाट्याला जे जहाज आले त्याने तिथे सगळ्यांच्या वतीने जायचे. हेल्मेट आणि चकाकते जाकीट घालून तो हलत्या शिडीवरून वर चढतो, पहाऱ्यावरच्या खलाशाच्या वहीत नाव लिहितो आणि मेसरूममध्ये जाऊन बसतो. हातात फोनची सिमकार्डे, निरनिराळ्या भाषांतली वर्तमानपत्रे, विणलेल्या टोप्या. बोलणे सुरू होते ते घरी फोन कुठून लावता येईल, पैसे कसे पाठवता येतील, दुकान किती लांब आहे, गाडी मिळेल का, या प्रश्नांनी. त्यातूनच मग वडील आजारी असल्याचे, दोन महिने पगार न मिळाल्याचे किंवा वरिष्ठाच्या छळाचे कळते.

पुढचे काम जाळ्याचे. जहाजावरच्या फिलिपिनो खलाशांना मिस्सा हवी असेल तर अँग्लिकन पाद्री स्टेला मारिसच्या फादरना फोन करतो. मुसलमान खलाशाला मशिदीत जायचे असेल तर केंद्राची गाडी त्याला तिथे सोडते. इस्पितळात ठेवावा लागलेल्या खलाशाला मागे टाकून जहाज निघून गेले तर त्याच्या उशाशी बसणारे माणूस तिथे असते. जहाजावर मृत्यू झाला असेल तर पुढच्या बंदरातल्या पाद्र्याला आधीच निरोप जातो. तो कुठल्याही पंथाचा असो, उरलेल्या खलाशांना भेटायला तो धक्क्यावर उभा असतो. एका पंथाची कितीही केंद्रे असली तरी ती सगळ्या बंदरांत नसतात. एकमेकांची केंद्रे जोडली तेव्हाच जहाजामागोमाग पोचणारे जाळे तयार झाले.

सहकार्याला आचारसंहितेचा आधार आहे. खलाशाचा देश, वंश, लिंग, धर्म न पाहता त्याचा मान राखायचा, त्याच्या अडचणीचा फायदा घेऊन धर्मप्रसार करायचा नाही, दुसऱ्या पंथाच्या सहकाऱ्याला कमी लेखायचे नाही, आणि कळलेली खासगी गोष्ट बाहेर न्यायची नाही, हा तिचा गाभा. ज्या कामाचा आरंभ खलाशांना पापापासून वाचवण्याच्या तळमळीतून झाला, त्याने शंभर-दीडशे वर्षांत केवढी मजल मारली ते या नियमांत दिसते. पाद्र्याची श्रद्धा तीच राहिली, पण समोरच्या माणसाने ती स्वीकारावी ही सेवेची अट उरली नाही.

अनेक ठिकाणी केंद्रेही एक झाली. अमेरिकेतल्या ह्यूस्टन बंदरात निरनिराळ्या पंथांचे पाद्री एकाच केंद्रातून काम करू लागले आणि नव्या बंदर-पाद्र्यांचे प्रशिक्षणही तिथे होऊ लागले. हँबुर्गमध्ये जर्मन मिशनने १९८६ मध्ये उघडलेल्या ‘डकडाल्बेन’ या क्लबमध्ये निरनिराळ्या धर्मांच्या लोकांना प्रार्थनेसाठी जागा ठेवलेली आहे. बिलियर्डचे टेबल, फोन आणि किराणा यांच्या जोडीला ख्रिस्ती, मुसलमान, हिंदू, बौद्ध यांच्या उपासनेचे कोपरे आहेत. भारतातही मुंबई, कोलकाता, चेन्नई, तुतिकोरीन यांसारख्या बंदरांत मिशन टू सीफेअरर्स किंवा स्टेला मारिसचे काम चालते. जगाला सर्वाधिक खलाशी पुरवणाऱ्या पाच देशांत भारत आहे. तरी गोव्याचा किंवा कोकणचा खलाशी या जाळ्याशी जोडला जातो तो बहुधा हजारो मैलांवरच्या बंदरात.

दयेकडून हक्कांकडे

पाद्र्यांना मेसरूममध्ये जे ऐकू येई त्यावर केवळ सांत्वनाचे शब्द पुरेसे नव्हते. पगार बुडवणारा मालक दुसऱ्या खंडात, जहाजाची नोंदणी तिसऱ्या देशात आणि खलाशी चौथ्या देशाच्या बंदरात, अशा वेळी दाद मागायची कुणाकडे? न्यूयॉर्कच्या सीमेन्स चर्च इन्स्टिट्यूटने १९८० च्या दशकाच्या आरंभी खलाशांच्या हक्कांसाठी कायदेविषयक केंद्र काढले आणि बंदरांवरच्या पाद्र्यांना कायद्याचा सल्ला मिळू लागला. आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघाने १९८१ मध्ये खलाशांसाठी विश्वस्त निधी स्थापन केला; त्यातून केंद्रांना गाड्या आणि इमारती मिळाल्या. चर्च आणि कामगार संघटना यांचे नाते पूर्वी दुराव्याचे असे. बंदरात मात्र कामगार संघटनेचा निरीक्षक आणि पाद्री एकमेकांचे फोन नंबर जवळ ठेवू लागले.

नियमांच्या पातळीवर आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने १९३६ मध्येच बंदरातील खलाशी-कल्याणाविषयी शिफारस केली होती. १९८७ च्या १६३ क्रमांकाच्या कराराने त्याला पक्के रूप दिले. खलाशांसाठीच्या सोयी राष्ट्रीयत्व, वंश, धर्म असा कोणताही भेद न करता आणि जहाज कुठल्या देशात नोंदलेले आहे ते न पाहता सर्वांना मिळाव्यात, असे त्यात म्हटले होते. २३ फेब्रुवारी २००६ रोजी जिनिव्हात सागरी श्रम करार मंजूर झाला. त्यात हे सारे जुने करार एकत्र आले, किनाऱ्यावरच्या कल्याणसोयींसाठी स्वतंत्र नियम झाला, आणि २० ऑगस्ट २०१३ पासून तो अमलात आला. भारताने २०१५ मध्ये त्याला मान्यता दिली. चर्चसंस्थांची संघटना आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेत सल्लागार दर्जाने बसते आणि श्रमसंघटनेच्या सागरी बैठकांना निरीक्षक म्हणून हजर असते. निरनिराळ्या पंथांनी वेगवेगळी निवेदने दिली असती तर त्यांना तिथे एवढे वजन आले नसते.

बंद दारांचा काळ

एकविसाव्या शतकात खलाशाला किनाराच दुरावत गेला. सप्टेंबर २००१ मध्ये अमेरिकेवर झालेल्या हल्ल्यांनंतर १ जुलै २००४ पासून जहाजे आणि बंदरे यांच्या सुरक्षेची नवी आंतरराष्ट्रीय संहिता लागू झाली. धक्क्यांभोवती कुंपणे आली, ओळखपत्रांच्या अटी आल्या. अमेरिकेत व्हिसा नसलेल्या खलाशाला समोर दिसणाऱ्या जमिनीवर पाय ठेवता येईना. अशा वेळी आत जाण्याचा परवाना असलेला पाद्री हाच त्याचा किनारा झाला. परवानाधारक सोबती म्हणून खलाशांना फाटकापर्यंत नेणे-आणणे हे तिथल्या बंदर-पाद्र्यांचे रोजचे काम होऊन बसले. चर्चसंस्थांनी इतरांबरोबर सतत पाठपुरावा केला. २०१९ मध्ये अमेरिकी तटरक्षक दलाने नियम करून, खलाशांना धक्क्यावरून विनामूल्य आणि विनाविलंब ये-जा करू देण्याची जबाबदारी बंदरचालकांवर टाकली.

सोमाली चाचेगिरीच्या काळात महिनोन्‌महिने ओलीस राहिलेले खलाशी आणि त्यांची कुटुंबे यांना आधार देण्यासाठी २०११ मध्ये जहाजमालक, कामगार संघटना आणि कल्याणसंस्था यांनी मिळून मानवतावादी उपक्रम सुरू केला. भारतीय खलाशीही मोठ्या संख्येने चाच्यांच्या तावडीत सापडले होते.

सर्वांत मोठी कसोटी २०२० साली लागली. कोविडमुळे देशांनी सीमा बंद केल्या आणि खलाशांची बदली थांबली. करार संपूनही जहाजावरच अडकून पडलेल्यांची संख्या त्या वर्षाच्या उत्तरार्धात सुमारे चार लाखांवर गेल्याचा अंदाज होता. काहींनी सलग दीड वर्षाच्या वर पाण्यावर काढले. शिडी चढणे बंद झाल्यामुळे पाद्री खरेदीची यादी फोनवर घेत, सामान शिडीच्या तळाशी ठेवत आणि लांब उभे राहून वर रेलिंगला आलेल्या माणसांशी बोलत. मिशनांनी इंटरनेटवरून संवादाची सोय केली. खलाशांना अत्यावश्यक कामगार मानावे या मागणीत सगळे पंथ, जहाजमालक आणि कामगार संघटना एका सुरात बोलले. घराशी संपर्क ही किती मूलभूत गरज आहे हे त्या काळाने पटवले. सागरी श्रम करारात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीत जहाजावर आणि बंदरात इंटरनेट मिळण्याची तरतूद आली. ती डिसेंबर २०२४ मध्ये अमलात आली.

मिळालेले आणि राहिलेले

या सहकार्याच्या मर्यादा उघड आहेत. धर्मशास्त्रातले मतभेद मिटलेले नाहीत. कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट पाद्री एकाच जहाजावर जातात, पण प्रभुभोजन अजूनही वेगळेच होते. सगळ्या संस्था देणग्यांवर चालतात. चर्चला जाणाऱ्यांची संख्या पश्चिमेत घटली तशी केंद्रेही बंद पडली. राष्ट्रीय मिशनांपुढे वेगळाच पेच आहे. ज्या देशांचे खलाशीच उरले नाहीत त्यांची चर्चे बहुतांशी परदेशी वसलेल्या आपल्या समाजासाठी काम करतात. उलट फिलिपिन्स, इंडोनेशिया, भारत या देशांतून मोठ्या संख्येने खलाशी निघतात, पण तिथल्या चर्चसंस्थांचा या कामातला वाटा त्या प्रमाणात वाढलेला नाही. मच्छीमारांची स्थिती तर आणखी बिकट आहे. सागरी श्रम करार त्यांना लागू होत नाही आणि खोल समुद्रातल्या मासेमारी नौका कित्येक महिने बंदराला लागतच नाहीत.

तरीही जे साधले ते थोडे नाही. २०२१ च्या अंदाजानुसार जगातल्या व्यापारी जहाजांवर सुमारे १८ लाख ९० हजार खलाशी काम करत होते. त्यांच्यापैकी कुणीही एखाद्या अनोळखी बंदरात उतरला तर त्याला धर्म, देश किंवा पंथ न विचारता भेटणारे माणूस असण्याची शक्यता आज आहे, आणि त्या माणसामागे शेकडो बंदरांचे जाळे आहे. रॉजर्सच्या प्रार्थनासभेत खलाशांनी स्वतःहून जे केले होते, ते चर्चसंस्थांना रीतसर स्वीकारायला दीडशे वर्षे लागली. एका जहाजावर सगळ्यांना एकत्र राहावेच लागते हे खलाशांना पहिल्यापासून ठाऊक होते. त्यांची सेवा करायची तर सेवा करणाऱ्यांनाही तसेच वागावे लागेल, हे रॉटरडॅममध्ये मान्य झाले. तेव्हापासून या क्षेत्रात कोणत्याही चर्चला एकट्याने काम करण्याचे कारण उरलेले नाही.